अनोळखी फाइल उघडणे हेच ज्यांचे काम आहे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

सायबर फसवणुकीच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात आणि बहुतेक बातम्यांच्या शेवटी ‘अनोळखी व्यक्तीकडून आलेली फाइल उघडू नये’ असे आवाहन असते. घरच्या संगणकासाठी आणि मोबाइलसाठी ते योग्यच आहे. परंतु चोपडा तालुक्यात गेली अठरा वर्षे संगणक बसवण्याचा आणि दुरुस्तीचा व्यवसाय करताना मी ज्या टेबलांसमोर बसतो, तिथे हा सल्ला पाळायचा तर दुकानच बंद करावे लागेल. केळीच्या फळपीक विम्याचे अर्ज भरण्याची मुदत जवळ आली की सेवा केंद्रापुढे सकाळी आठपासून रांग लागते. रांगेतला प्रत्येक शेतकरी सातबारा, आठ-अ, आधार आणि बँकेच्या पासबुकाचे पहिले पान व्हॉट्सॲपवर पाठवतो, पेनड्राइव्हमध्ये आणतो किंवा पुतण्याला फोन करून ई-मेलने मागवतो. त्या फाइली उघडणाऱ्या मुलीला पाठवणारा कोण हे ठाऊक नसते आणि विचारत बसायला वेळही नसतो. रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्याकडे उत्तरेकडून येणारी बिले, जिनिंगच्या कार्यालयात येणाऱ्या पावत्या, विकास सोसायटीच्या सचिवाकडे येणारी परिपत्रके, शाळेच्या लिपिकाकडे येणारे दाखले, या सगळ्यांची गत तीच आहे. अनोळखी माणसाची फाइल उघडणे हेच ज्यांचे काम आहे, त्यांना ‘सावध राहा’ एवढेच सांगून भागत नाही. ती फाइल ज्या प्रोग्राममध्ये उघडते, तो प्रोग्राम सुरक्षित ठेवणे हा त्यांच्यासाठी खरा उपाय आहे, आणि नेमके तेच काम आपल्याकडे कोणी करत नाही. मीही करत नव्हतो.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यातील एका सेवा केंद्राच्या चालकाचा सकाळी फोन आला की एकही फाइल उघडत नाही आणि प्रत्येक फाइलीच्या नावापुढे काहीतरी विचित्र अक्षरे चिकटली आहेत. मी पोहोचलो तेव्हा पडद्यावर पैशांची मागणी करणारा इंग्रजी मजकूर होता. पाच वर्षांत स्कॅन केलेली शेतकऱ्यांची कागदपत्रे, भरलेल्या अर्जांच्या पावत्या, विद्यार्थ्यांचे उत्पन्नाचे दाखले, सगळे कुलूपबंद झाले होते. बॅकअपसाठी घेतलेली हार्डडिस्क वर्षभर त्याच संगणकाला जोडून ठेवलेली असल्यामुळे तिच्यातल्या फाइलींचीही तीच अवस्था होती. शोधता शोधता तीन दिवसांपूर्वीच्या दुपारचा एक ई-मेल सापडला. त्यासोबत ‘बिल’ नावाची पीडीएफ होती. केंद्रातल्या मुलीने ती उघडली, खिडकी क्षणभर मिटली, पुन्हा उघडली आणि तिच्यात खरोखरच खताचे एक बिल दिसले, म्हणून तिला काही वावगे वाटले नाही. त्याच मिनिटाला तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये एक अनोळखी प्रोग्राम तयार झाल्याची नोंद मात्र संगणकात होती.

त्या संगणकावरचा पीडीएफ रीडर इतका जुना होता की बनवणाऱ्या कंपनीने त्याच्या दुरुस्त्या देणे कित्येक वर्षांपूर्वीच थांबवले होते. तो तिथे मीच टाकला होता. माझ्या पेनड्राइव्हमध्ये ‘सेटअप’ नावाचा एक फोल्डर असे. विंडोज टाकून झाली की त्यातले ठरलेले सात-आठ प्रोग्राम एका दमात टाकून मी पुढच्या गावाला निघत असे, आणि त्यातली रीडरची फाइल मी २०१२ पासून बदललेलीच नव्हती. मी संगणक खोलून बसलो असताना एक वयस्कर शेतकरी दारात आले आणि ‘मना कागद गयात का, भाऊ?’ असे त्यांनी मला विचारले. ‘गेले’ एवढेच मी म्हणू शकलो. त्या मुलीला मात्र पुढे महिनाभर ‘तू ती फाइल का उघडलीस’ असे बोलणे ऐकावे लागले. फाइल उघडण्याचाच पगार तिला मिळत होता. चूक तिची नव्हती, ती माझी आणि चालकाची होती. हे पत्र लिहिण्यामागचे खरे कारण ते आहे.

पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. कागद हातात घेतला तर तो स्वतःहून काही करत नाही. फाइल मात्र उघडणाऱ्या प्रोग्रामला सूचना देत असते: इथे हे अक्षर काढ, इथे एवढ्या रुंदीचे चित्र उलगड, यासाठी अमुक फॉन्ट वापर. ॲडोबी कंपनीने हा प्रकार १९९३ मध्ये आणला आणि २००८ मध्ये त्याला आयएसओचे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. या वाटचालीत पीडीएफमध्ये भरता येणारे फॉर्म, व्हिडिओ, जोडफाइली, त्रिमितीय आकृत्या आणि जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषासुद्धा सामावली गेली. जातीचा दाखला पाहण्यासाठी यांपैकी बहुतेक काही लागत नाही. तरीही रीडरला ते सगळे यावे लागते, आणि त्याला जितके जास्त येते तितक्या जागी चूक राहून जाते.

ही चूक कशी असते ते आपल्या भागातल्या उदाहरणाने सांगतो. जिनिंगच्या आवारात आलेल्या गाडीसोबतच्या चिठ्ठीवर वीस क्विंटल कापूस लिहिला आहे, असे समजा. मुकादमाने काटा न करता चिठ्ठीवर विश्वास ठेवला आणि वीस क्विंटलपुरती जागा मोकळी केली. गाडीतून उतरला तीस क्विंटल. जास्तीचा माल शेजारच्या खोलीत मुनीमजींच्या गादीपर्यंत जाऊन पडला आणि त्या मालात कोणी मालकाच्या अक्षरात लिहिलेला खोटा हुकूम दडवून ठेवला होता. मुनीमजींनी तो मालकाचाच समजून तिजोरी उघडली. फाइलीतले चित्र स्वतःचा आकार खोटा सांगते, रीडर संगणकाची तेवढीच स्मृती (मेमरी) राखून ठेवतो, उरलेला मजकूर शेजारच्या स्मृतीत सांडतो आणि संगणक त्या सांडलेल्या मजकुरालाच आज्ञा समजून चालवू लागतो. जाणकार याला ‘बफर ओव्हरफ्लो’ म्हणतात. या सगळ्यात माणसाने केलेली एकमेव गोष्ट म्हणजे फाइल उघडणे. ‘होय’वर क्लिक नाही, पासवर्ड नाही, ओटीपी नाही.

फेब्रुवारी २००९ मध्ये ॲडोबी रीडरमधली अशीच एक उणीव जगजाहीर झाली. फॅक्ससारखी काळी-पांढरी पाने लहान आकारात साठवण्याची जेबिग-२ नावाची पद्धत आहे. ती उलगडणाऱ्या भागात ती उणीव होती. नवव्या आवृत्तीची दुरुस्ती १० मार्चला आली, म्हणजे उणीव जाहीर झाल्यापासून सुमारे तीन आठवडे वापरणारे उघड्यावर होते आणि हल्लेखोरांना तोपर्यंत ती माहीत होती. बारा वर्षांनी, २०२१ मध्ये, ॲपलच्या फोनमध्ये याच जेबिग-२ पद्धतीची चित्रे उलगडणाऱ्या दुसऱ्या एका भागात उणीव सापडली. पेगॅसस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर फोनमध्ये घुसवण्यासाठी तिचा वापर झाल्याचे टोरांटोच्या सिटिझन लॅब या संशोधन संस्थेने उघड केले. तिथे तर फाइल उघडण्याचीही गरज नव्हती, संदेशातून तशी पीडीएफ येऊन पडणे पुरेसे होते. ॲपलने १३ सप्टेंबर २०२१ रोजी दुरुस्ती दिली. सेवा केंद्रावर पेगॅसस सोडायला कोणी येणार नाही, हे मला कळते. पण जगातले अत्यंत काळजीपूर्वक बनवलेले फोन जिथे एका पीडीएफमुळे उघडे पडले, तिथे २०१२ चा रीडर किती टिकेल, याचा विचार आपण केला पाहिजे.

या विषयात आपल्या भाषेचाही एक वेगळा संबंध आहे आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. मराठी कार्यालयांत पीडीएफ इतकी रुजली त्याचे एक मोठे कारण फॉन्ट हे आहे. श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेले पत्र वर्डमध्ये पाठवले आणि पलीकडे तो फॉन्ट नसला, की अक्षरांऐवजी चिन्हांची रांगोळी दिसते. पीडीएफ आपला फॉन्ट पोटात घेऊन येते, म्हणून ठरावाची प्रत असो की लग्नपत्रिकेचा नमुना, आपण पीडीएफच मागतो. कुठल्याही संगणकावर मराठी नीट दिसेल अशी युनिकोड पद्धत आल्यावरही ही सवय राहिली. मात्र फाइलीसोबत आलेला फॉन्ट हाही परक्याने आणलेला माल असतो आणि तो रीडरला आतून तपासावा लागतो. सप्टेंबर २०१० मध्ये ॲडोबी रीडरच्या नेमक्या फॉन्ट वाचणाऱ्या भागातली उणीव वापरून हल्ले झाले. दुरुस्ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला आली. फायरफॉक्स ब्राउझरच्या अंगभूत पीडीएफ दर्शकातही फॉन्ट हाताळण्यातली एक उणीव सापडली आणि ती मे २०२४ मध्ये १२६ व्या आवृत्तीत बुजवली गेली. चौदा वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या संस्थांच्या प्रोग्राममध्ये, जागा मात्र तीच.

वर्डच्या फाइलींबद्दल वेगळे लिहायला हवे, पण इथे थोडक्यात आटोपतो. मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधले समीकरणे लिहिण्याचे एक जुने साधन २००० साली बांधलेल्या स्वरूपात तसेच चालू होते. त्यातली उणीव नोव्हेंबर २०१७ मध्ये बुजवली गेली आणि जानेवारी २०१८ मध्ये ते साधनच काढून टाकण्यात आले. तरीही ज्या कार्यालयांनी ऑफिस अद्ययावत केले नाही त्यांच्यावर त्याच उणिवेतून पुढे कित्येक वर्षे हल्ले होत राहिले. मे २०२२ मध्ये उघड झालेल्या ‘फॉलिना’ या उणिवेत मॅक्रो, म्हणजे फाइलीत लिहिलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा, चालू करण्याचीही गरज नव्हती, आणि आरटीएफ या वर्डमध्ये उघडणाऱ्या प्रकारची फाइल असेल तर ती न उघडता नुसती पूर्वझलक दिसली तरी पुरत होते. कागदपत्रांचा गठ्ठा ‘रार’ किंवा ‘झिप’ करून पाठवणाऱ्यांनी असे गठ्ठे बांधण्या-सोडण्याच्या विनरार या प्रोग्रामबद्दलही सावध असावे: ऑगस्ट २०२३ मधल्या ६.२३ या आवृत्तीआधीच्या विनरारमध्ये, गठ्ठ्यातल्या साध्या दिसणाऱ्या पीडीएफवर दोनदा क्लिक केले की भलताच प्रोग्राम चालू व्हावा अशी सोय हल्लेखोरांना करता येत होती. विनरार स्वतःहून अद्ययावत होत नाही. कोणीतरी बसून ती नवी टाकावी लागते, आणि तो ‘कोणीतरी’ आपल्याकडे नेमलेला नसतो.

आता उपायांकडे येतो. यातले बहुतेक फुकट आहेत.

पहिला मुद्दा असा की रोजच्या बघण्यासाठी वेगळा रीडर लागतच नाही. क्रोम, एज, फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये पीडीएफ थेट उघडते, हे ब्राउझर स्वतःला स्वतः अद्ययावत करतात आणि परक्या मजकुराला बंदिस्त खोलीत ठेवून हाताळण्याची त्यांची मूळ रचना असते. तेही अभेद्य नाहीत: ऑगस्ट २०१५ मध्ये फायरफॉक्सच्या पीडीएफ दर्शकातल्या उणिवेतून वापरणाऱ्यांच्या संगणकातल्या फाइली चोरल्या जात असल्याचे उघड झाले होते. पण दुरुस्ती लगेच निघाली आणि वापरणाऱ्याने काही न करता ती बहुतेकांपर्यंत पोहोचली, आणि माझ्या दृष्टीने सेवा केंद्रासाठी हाच गुण सर्वांत मोलाचा आहे. एवढे मात्र पाहावे की ज्या संगणकावर अजून विंडोज ७ आहे तिथे क्रोम जानेवारी २०२३ च्या १०९ या आवृत्तीवरच अडकलेला असतो. तिथे ब्राउझरचाही भरवसा नाही.

दुसरा मुद्दा डिजिटल स्वाक्षरीचा. डिजिटल सातबारा किंवा ई-आधार उघडल्यावर स्वाक्षरीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि शेतकऱ्याला, कधी बँकेलाही, तिथे हिरवी खूण हवी असते. त्यासाठी ॲडोबी रीडर ठेवावाच लागतो आणि मी तो ठेवू नका असे म्हणणार नाही. परंतु स्वाक्षरीच्या प्रमाणपत्राला विश्वासू ठरवताना जी चौकट उघडते, तिच्याकडे मी केंद्रचालकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. त्या चौकटीत स्वाक्षरी मान्य करण्याच्या पर्यायाखेरीज फाइलीतला हलता मजकूर, विशेषाधिकाराने चालणारी जावास्क्रिप्ट आणि नेटवर्क, छपाई, फाइली यांसारखी संगणकाची अंतर्गत कामे यांनाही परवानगी देण्याचे वेगळे पर्याय असतात. घाईत किंवा कोणीतरी दाखवले म्हणून सगळ्या चौकोनांत खुणा केल्या जातात. मी स्वतः अनेक केंद्रांवर तशा केलेल्या खुणा पाहिल्या आहेत. हिरवी खूण मिळण्यासाठी त्या शेवटच्या परवानग्यांची काहीही गरज नाही. ज्यांनी त्या दिल्या असतील त्यांनी रीडरच्या विश्वासू प्रमाणपत्रांच्या यादीत जाऊन आजच काढून टाकाव्यात.

त्याच रीडरच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये जावास्क्रिप्ट नावाचा एक विभाग आहे, तिथली खूण काढली की पीडीएफमधून येणाऱ्या हल्ल्यांचा एक मोठा मार्ग बंद होतो. एखाद्या सरकारी फॉर्मला जावास्क्रिप्ट लागलीच तर रीडर वर पिवळी पट्टी दाखवून विचारतो आणि तेवढ्या फाइलीपुरती परवानगी देता येते. ‘ट्रस्ट मॅनेजर’ या विभागात पीडीएफमधल्या जोडफाइली दुसऱ्या प्रोग्रामने उघडू देण्याची खूण असते, तीही काढावी. ‘सिक्युरिटी एन्हान्स्ड’ या विभागात संरक्षित पद्धत चालू आहे ना, हे पाहावे. नोव्हेंबर २०१० मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून ही सोय आहे. तिच्यामुळे रीडर स्वतःला एका कोंडवाड्यात ठेवून फाइल उघडतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये हा कोंडवाडाही भेदला गेला होता, म्हणून संरक्षित पद्धत आहे तेव्हा अद्ययावत करण्याची गरज नाही असे कोणी समजू नये. पण तो भेदायला हल्लेखोराला एकाऐवजी दोन उणिवा लागल्या, एवढा तिचा उपयोग निश्चित झाला. छपाई अडते म्हणून काही तंत्रज्ञ ही पद्धत बंद करून देतात. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे की त्यांनी त्याऐवजी प्रिंटरचा ड्रायव्हर नवा टाकावा.

संगणकावर दोन खाती असावीत. प्रोग्राम टाकण्याचे अधिकार असलेले खाते चालकाकडे किंवा तंत्रज्ञाकडे राहावे आणि दिवसभराचे काम साध्या खात्यातून व्हावे, म्हणजे एखादी फाइल वाईट निघालीच तरी सगळ्या संगणकाचा ताबा तिला सहज मिळत नाही. बॅकअपची हार्डडिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी फार मोठी किंमत पाहून शिकलो. ज्या शेतकऱ्याचे काम संपले त्याच्या आधारची प्रत वर्षानुवर्षे डेस्कटॉपवर ठेवण्याची सवयही सोडावी. जे संगणकात नाही ते चोरीला जात नाही आणि कुलूपबंदही होत नाही. अँटिव्हायरसबद्दल मला वारंवार विचारले जाते. तो असावा, परंतु तो ओळखीच्या चोराला दारात अडवणारा राखणदार आहे. भिंतीला पडलेले भगदाड बुजवणे त्याच्या हातात नाही. दरवर्षी अँटिव्हायरसचा डबा विकत घेणारे आणि रीडरच्या अपडेटची खिडकी रोज ‘नंतर’ म्हणून मिटवणारे ग्राहक माझ्याकडे खूप आहेत.

एक अवघड गोष्टही मोकळेपणाने लिहितो. चार पीडीएफ जोडून एक करायच्या किंवा आकार कमी करायचा म्हणून बहुतेक केंद्रांवर महागड्या रीडरची क्रॅक केलेली ‘प्रो’ प्रत टाकलेली असते. ती टिकावी म्हणून तिचे अपडेट मुद्दाम बंद केलेले असते, म्हणजे ज्या दिवशी ती टाकली त्या दिवशीच्या सगळ्या उणिवा तिच्यात कायमच्या गोठवल्या जातात. शिवाय क्रॅक करणाऱ्याने त्यात आणखी काय घातले आहे, हे वेगळेच. ‘पीडीएफसॅम बेसिक’सारखी मोफत साधने जोडण्या-तोडण्याचे काम चोख करतात. याच कामासाठी कुठल्यातरी अनोळखी संकेतस्थळावर शेतकऱ्याचा आधार आणि पासबुक चढवणे मला तितकेच अयोग्य वाटते. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा मोफत सुरक्षा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्यांनी मुदतवाढीची योजना घेतलेली नाही आणि ज्यांचे यंत्र विंडोज ११ पेलत नाही, त्यांनी ब्राउझरवर चालणाऱ्या कामांसाठी विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीचा विचार जरूर करावा. दोन शाळांच्या कार्यालयांत मी ते करून दिले आहे आणि लिपिकांना आठवडाभरात सवय झाली.

प्रशासनाकडेही काही मागणे आहे. सेवा केंद्रांची तपासणी होते तेव्हा दरफलक, नोंदवही, बायोमेट्रिक यंत्र पाहिले जाते. त्याच वेळी विंडोज, ब्राउझर आणि रीडर यांच्या आवृत्त्यांची एक ओळ तपासणीच्या नमुन्यात घातली तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत हा विषय एका हंगामात मार्गी लागू शकेल. तालुका कार्यालयांनी शासन निर्णयाची पीडीएफ व्हॉट्सॲपच्या गटांतून पुढे ढकलण्याऐवजी त्याचा संगणक सांकेतांक कळवावा. प्रत्येक शासन निर्णयावर तो छापलेला असतो आणि राज्य शासनाच्या संकेतस्थळावर तो टाकला की मूळ प्रत मिळते. आज एकाच परिपत्रकाची फाइल पंधरा गटांतून फिरून येते आणि वाटेत ती कोणी बदलली का, हे पाहण्याचे साधन ग्रामसेवकाकडे नसते. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून आपापल्या गावातल्या पाच-पाच केंद्रांची अशी पाहणी करायला दिली, तर त्यांनाही शिकायला मिळेल आणि गावाचेही काम होईल.

घात झालाच तर लपवू नये. इंटरनेटची जोडणी तोडून संगणक आहे तसा ठेवावा, १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार करावी. कंपन्या आणि सरकारी संस्थांवर तर एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवण्याचे बंधन आहे. मी ज्या केंद्राची हकीकत लिहिली तिथे बदनामीच्या भीतीने चार दिवस कोणालाच कळवले नव्हते आणि त्या चार दिवसांत तोच ई-मेल आणखी कोणाकोणाकडे गेला असेल, याचा विचार मनातून जात नाही.

मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात आणि ॲडोबीच्याही बऱ्याचदा त्याच दिवशी. अमेरिकेतला तो दिवस उजाडून दुरुस्त्या येईपर्यंत आपल्याकडे रात्र झालेली असते, म्हणून त्यानंतरचा बुधवार मी गेले वर्षभर या कामासाठी राखून ठेवला आहे. त्या सकाळी केंद्रे उघडण्याआधी मी सहा ठिकाणी जातो, विंडोज, ब्राउझर, रीडर आणि विनरार यांच्या आवृत्त्या पाहतो, ज्या मागे असतील त्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच नव्या करतो, बॅकअपची डिस्क जोडून पुन्हा काढून ठेवतो. एका संगणकाला साधारण अर्धा तास लागतो. त्याचे मी पैसे घेत नाही, आणि पेनड्राइव्हमधला तो ‘सेटअप’ फोल्डर मी कायमचा पुसून टाकला आहे. खानदेशातल्या माझ्या व्यवसायबंधूंनी आपापल्या गावी असाच एक बुधवार धरावा, अशी माझी त्यांना विनंती आहे. आपल्या दैनिकाने दर महिन्याच्या त्या बुधवारी हवामान आणि बाजारभावांच्या शेजारी ‘आज संगणक अद्ययावत करा’ एवढी एक चौकट छापावी, अशी आपणांसही विनंती करतो.

कळावे, लोभ असावा.

आपला वाचक,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक
तालुका चोपडा, जिल्हा जळगाव